अरब देशांत लोकशाही येणार का? मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

२०११ च्या जानेवारीत मी पुण्यात होस्टेलवर होते, परीक्षा तोंडावर होती आणि आम्ही तिघी रात्र रात्र लॅपटॉपवर कैरोच्या तहरीर चौकातलं सरकारविरोधी आंदोलन लाइव्ह बघत बसायचो, तेव्हापासून हा विषय माझा सुटलेला नाही. घरी, ऑफिसात, नातेवाईकांच्या ग्रुपवर कुठेही विषय निघाला की तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. ट्युनिशियावर जास्त लिहिलंय कारण तिथलं नीट कळलं की बाकीचं कळायला सोपं जातं, आणि सुदानवर लिहिलंय कारण आपल्याकडे त्याबद्दल कोणी बोलतच नाही.

अरब देश म्हणजे नक्की कोणते?

अरब लीगमध्ये २२ देश आहेत, पार मोरोक्को-मॉरिटानियापासून ओमानपर्यंत. इराण आणि तुर्कस्तान त्यात नाहीत, ही गल्लत फार होते. या २२ देशांत राजे आहेत, लष्करशहा आहेत, लेबनॉनसारखा देश आहे जिथे राष्ट्राध्यक्ष, पंतप्रधान आणि सभापती कुठल्या पंथाचा हे ठरलेलं असतं. त्यामुळे 'अरबांचं असंच असतं' अशा वाक्याने सुरुवात झाली की मी आधी विचारते, कोणत्या देशाबद्दल बोलताय?

२०११ च्या उठावांची सुरुवात कुठून झाली?

ट्युनिशियातलं सिदी बूझीद नावाचं आतल्या भागातलं गाव. मोहम्मद बुअझीझी, वय २६, हातगाडीवर फळं-भाजी विकायचा. १७ डिसेंबर २०१० ला पालिकेच्या लोकांनी त्याचा माल आणि वजनकाटा जप्त केला, तो दाद मागायला गव्हर्नरच्या ऑफिसात गेला, तिथे कोणी ऐकून घेतलं नाही, आणि त्याने त्या ऑफिससमोर स्वतःला पेटवून घेतलं. ४ जानेवारीला तो हॉस्पिटलमध्ये वारला. १४ जानेवारीला २३ वर्षं सत्तेवर असलेला राष्ट्राध्यक्ष बेन अली विमानात बसून सौदीला पळाला.

पण एका माणसाने पेटवून घेतलं आणि देश उठला असं वाटत असेल तर त्यात बरंच काही सुटतंय. २००८ साली गाफ्साच्या फॉस्फेट खाणींच्या पट्ट्यात, रेदेयेफला, नोकरभरतीत वशिलेबाजी झाली म्हणून लोक महिनोन्‌महिने रस्त्यावर होते, तेव्हा पोलिसांनी ते दडपलं आणि बाकीच्या देशाला नीट पत्ताही लागला नाही. २०१० मध्ये दोन गोष्टी वेगळ्या घडल्या. एक म्हणजे मोबाइलवर काढलेले व्हिडिओ बाहेर गेले आणि अल जझीराने दाखवले. दुसरी, जी मला जास्त महत्त्वाची वाटते, की यूजीटीटी या कामगार संघटनेच्या गावोगावच्या शाखांनी लोकांना आपल्या कचेऱ्यांत जागा दिली, मोर्चे काढले, संप पुकारले. 'फेसबुक क्रांती' म्हणतात ना, त्यातलं फेसबुक सगळ्यांना माहितीय पण युनियन कोणाला माहीत नाही.

तिकडे एक शब्द आहे, हुगरा. सरकारी माणूस तुमच्याकडे तुच्छतेने बघतो, तुम्हाला मोजतच नाही, त्याला हुगरा म्हणतात. सरकारी कचेरीत 'उद्या या' ऐकलेल्या कोणालाही हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही.

'अरब स्प्रिंग' हे नाव कुणी दिलं?

ट्युनिशियामागोमाग अरब देशांत जे उठाव झाले, त्यांना हे नाव दिलं बाहेरच्यांनी. तिथले लोक 'थौरा' म्हणजे क्रांती म्हणतात, ट्युनिशियात 'करामा'ची म्हणजे आत्मसन्मानाची क्रांती म्हणतात. मला स्प्रिंग शब्द आवडत नाही कारण मग लगेच कोणीतरी 'आता हिवाळा आला' म्हणतं आणि विषय मिटवून टाकतं.

लोक नेमकं काय मागत होते?

ट्युनिशियात काम, स्वातंत्र्य आणि आत्मसन्मान. इजिप्तमध्ये 'ऐश, हुर्रिया, अदाला इज्तिमाइया', म्हणजे भाकरी, स्वातंत्र्य, सामाजिक न्याय. इजिप्तच्या बोलीत भाकरीला ऐश म्हणतात आणि त्याच शब्दाचा मूळ अर्थ जगणं असा आहे. म्हणजे पोट आणि मतपेटी असे दोन वेगळे मुद्दे त्यांच्यासाठी नव्हतेच, आणि पुढे जे बिघडलं ते समजायला हे फार लक्षात ठेवावं लागतं.

सगळीकडे गाजलेली घोषणा होती 'अश्-शअब युरीद इस्कात अन्-निझाम', जनतेला निझाम पाडायचाय. निझाम म्हणजे व्यवस्था, राजवट. मराठवाड्यातल्या माझ्या मैत्रिणीने हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती चमकलीच, कारण तिच्या आजोबांनी निजामाविरुद्ध सत्याग्रह केला होता. शब्द तोच आहे, हैदराबादच्या गादीला तो 'निजाम-उल-मुल्क' या पदवीतून मिळाला. हक्क, कायदा, वकील, जुलूम हे आपले रोजचे शब्दही मूळचे अरबीच.

लोकशाही आणणं ट्युनिशियालाच का जमलं?

थोडं नशीब, पण बरंचसं आधीपासून असलेलं काहीतरी. १८६१ सालीच तिथे लिखित राज्यघटना आली होती, अरब जगातली पहिली, ती टिकली नाही पण कल्पना राहिली. १९२० मध्ये स्वातंत्र्यासाठी जो पक्ष निघाला त्याचं नावच 'दस्तूर', म्हणजे राज्यघटना (आपल्या जुन्या कागदपत्रांतला दस्तूर तो हाच). लष्कर छोटं, पहिला राष्ट्राध्यक्ष बूर्गिबा याने ते मुद्दाम राजकारणाबाहेर ठेवलेलं. आणि युनियन स्वातंत्र्यलढ्यातली, तिला पूर्णपणे खिशात घालणं ना बूर्गिबाला जमलं ना बेन अलीला.

ऑक्टोबर २०११ च्या निवडणुकीत एन्नाहदा या इस्लामी पक्षाला २१७ पैकी ८९ जागा मिळाल्या, सगळ्यात मोठा पक्ष पण बहुमत नाही, म्हणून दोन सेक्युलर पक्षांना घेऊन सरकार. मग २०१३ मध्ये फेब्रुवारीत शुक्री बिलईद आणि जुलैमध्ये मोहम्मद ब्राहमी या दोन डाव्या नेत्यांचे खून झाले, त्याच जुलैत इजिप्तमध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि ट्युनिशियातही आता तेच होणार असं सगळ्यांना वाटत होतं. तेव्हा युनियन, उद्योजकांची संघटना, मानवाधिकार लीग आणि वकिलांची संघटना या चौघांनी मिळून सगळ्या पक्षांना एका टेबलावर बसवलं. कामगार आणि मालक एका बाजूला, विचार करा. एन्नाहदाने सरकार सोडलं, जानेवारी २०१४ मध्ये नवी घटना २१६ पैकी २०० मतांनी मंजूर झाली, आणि २०१५ चं शांततेचं नोबेल या चौकडीला मिळालं. अरब राजकारणातलं मला सगळ्यात जास्त भिडलेलं पान हेच.

मग ट्युनिशियातही सगळं बुडालं ना?

हो, आणि ते कसं बुडालं हे नीट बघायला हवं, कारण लष्कराने उठाव वगैरे काही केला नाही, मतांनी निवडून आलेल्या माणसानेच ते केलं.

कैस सईद हे घटनात्मक कायद्याचे प्राध्यापक, स्वच्छ प्रतिमा, पक्ष नाही, पैसा नाही, २०१९ मध्ये दुसऱ्या फेरीत जवळपास ७३ टक्के मतं घेऊन राष्ट्राध्यक्ष झाले. २५ जुलै २०२१ ला त्यांनी पंतप्रधानांना काढलं, संसद गोठवली आणि घटनेतलं कलम ८० दाखवलं. आता त्या कलमात आणीबाणीतही संसद चालूच राहील असं स्पष्ट लिहिलेलं होतं. मग हे चूक आहे असं सांगायचं कुणी? घटना न्यायालयाने. आणि ते न्यायालय अस्तित्वातच नव्हतं!

माझ्या मते सगळी गोष्ट इथे अडते. २०१४ च्या घटनेत १२ न्यायाधीशांचं घटना न्यायालय होतं, निवडणुकीनंतर वर्षभरात ते स्थापन व्हायला हवं होतं. चार न्यायाधीश संसदेने दोन तृतीयांश मतांनी निवडायचे, आणि पक्षांचं काही केल्या जमेना, प्रत्येकाला आपला माणूस हवा, इतक्या वर्षांत फक्त एक नाव पास झालं. शेवटी २०२१ मध्ये नियम सोपा करायचा कायदा केला तर सईद यांनी सहीच केली नाही. सात वर्षं सगळे म्हणत राहिले बघू, करू, आणि ज्या दिवशी गरज पडली त्या दिवशी जागा रिकामी. त्या बारा खुर्च्या भरलेल्या असत्या तर सगळं वाचलंच असतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण निदान कोणीतरी अधिकाराने 'थांबा' म्हणालं असतं.

पुढचं भराभर झालं. २०२२ मध्ये न्यायपालिकेची सर्वोच्च परिषद बरखास्त, संसद बरखास्त, सगळी सत्ता राष्ट्राध्यक्षांकडे देणारी नवी घटना, जिच्या सार्वमताला साधारण ३० टक्केच लोक आले. त्या डिसेंबरच्या संसद निवडणुकीत मतदान ११ टक्क्यांच्या आसपास. 'डिक्री ५४' म्हणून एक फर्मान निघालं, खोटी बातमी पसरवली म्हणून पाच वर्षांपर्यंत तुरुंग, पत्रकार आणि वकील त्यात अडकले. एन्नाहदाचे म्हातारे नेते राशिद घन्नूशी एप्रिल २०२३ पासून आत आहेत. ऑक्टोबर २०२४ ला सईद ९० टक्क्यांवर मतांनी पुन्हा निवडून आले, प्रतिस्पर्ध्यांपैकी एक तुरुंगात होता. एप्रिल २०२५ मध्ये 'कटाच्या' एकाच खटल्यात विरोधकांना ६६ वर्षांपर्यंतच्या शिक्षा सुनावल्या.

पण लोकांनीच सईदना पाठिंबा दिला होता की!

दिला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. २५ जुलै २०२१ च्या त्या रात्री राजधानी ट्युनिसमध्ये लोक गाड्यांचे हॉर्न वाजवत, झेंडे घेऊन बाहेर आले होते. त्या जुलैत कोविडने हाहाकार होता, ऑक्सिजन नाही, बेड नाही, आणि टीव्हीवर संसदेत खासदार एकमेकांच्या अंगावर धावून जाताना दिसायचे. दहा वर्षांत सरकारं किती बदलली याची मोजदाद राहिली नव्हती, आणि सिदी बूझीदच्या पोरांना २०१० मध्ये नोकरी नव्हती तशी २०२१ मध्येही नव्हती. घटना उत्तम लिहिली, पण ऐश आणि शुघ्ल, भाकरी आणि काम, त्याचं काय? ज्यांनी त्या रात्री हॉर्न वाजवला त्यांना मी मूर्ख म्हणणार नाही, ते थकले होते. त्यातले कितीतरी आता पस्तावलेत.

इजिप्तमध्ये काय चुकलं?

राष्ट्राध्यक्ष मुबारक १८ दिवसांत गेला, ११ फेब्रुवारी २०११ ला, पण सत्ता लष्कराच्या हातात गेली आणि खरं म्हणजे ती कधी सुटलीच नव्हती. इजिप्तचं लष्कर सिमेंट बनवतं, पास्ता बनवतं, पाण्याच्या बाटल्या विकतं, पेट्रोल पंप चालवतं, म्हणजे लोकशाही आली तर त्यांचा नुसता रुबाब नाही तर धंदाच जाणार. मुस्लिम ब्रदरहूडचे मुर्सी जून २०१२ मध्ये ५१.७ टक्के मतांनी निवडून आले आणि नोव्हेंबरमध्ये त्यांनी फर्मान काढून स्वतःला कोर्टाच्या वर नेऊन ठेवलं, ही त्यांची फार मोठी चूक. लोक चिडले, लाखोंनी बाहेर आले, आणि ३ जुलै २०१३ ला लष्करप्रमुख सिसींनी मुर्सींना अटक केली. तहरीरमधल्या कितीतरी उदारमतवाद्यांनी त्या दिवशी टाळ्या वाजवल्या. १४ ऑगस्टला कैरोच्या रबआ चौकातलं मुर्सी-समर्थकांचं धरणं उठवताना एका दिवसात किमान ८०० माणसं मारली गेली. मग टाळ्या वाजवणाऱ्यांचीही पाळी आली. २०१९ मध्ये घटना बदलून सिसींची २०३० पर्यंतची सोय झाली आहे.

इस्लाम आणि लोकशाही जमतच नाही, नाही का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि दर वेळी मन खट्टू होतं. इंडोनेशिया, सेनेगल इथे मुसलमान बहुसंख्य आहेत आणि मतपेटीतून सत्ता बदलते. अरब देशांत निवडणुका कुणी मोडल्या ते बघा. अल्जिरियात डिसेंबर १९९१ ला पहिल्या फेरीत इस्लामी पक्ष पुढे गेला, जानेवारीत लष्कराने दुसरी फेरीच रद्द केली आणि दहा वर्षं यादवी युद्ध चाललं ज्यात दोन्हीकडून भयंकर कत्तली झाल्या. इजिप्तमध्ये लष्करानेच. ट्युनिशियात तर सेक्युलर पक्षांनी नाही आणि मौलवींनीही नाही, धार्मिक विचारांच्या पण कुठल्याच धार्मिक पक्षात नसलेल्या सईद या कायदेतज्ज्ञाने. इस्लामी पक्षांबद्दल भीती असणं मी समजू शकते, सत्तेत आल्यावर बायकांचं काय होईल ही भीती तिथल्या बायकांनाही होती. २०१२ मध्ये घटनेच्या मसुद्यात स्त्री पुरुषाला 'पूरक' असा शब्द आला तेव्हा ट्युनिशियाच्या बायका हजारोंनी रस्त्यावर उतरल्या आणि तो शब्द काढायला लावला. पक्ष वाकला. मला वाटतं भीतीवरचं उत्तर हे आहे.

आखाती देशांत काहीच कसं होत नाही?

झालं होतं. बहरीनमध्ये फेब्रुवारी २०११ ला पर्ल चौकात हजारो लोक जमले, मार्चमध्ये सौदीचं सैन्य पूल ओलांडून मदतीला आलं, आणि बहरीनच्या सरकारने चौक रिकामा केला, मधलं मोत्याचं स्मारकसुद्धा पाडून टाकलं.

बाकी तेलाचा पैसा आहे. सरकार पगारावर कर मागत नाही, उलट घर, नोकरी, वीज देतं, मग हिशोब विचारायचा कुणी. आणि काम करणारे बहुतेक बाहेरचे. माझे मामा रत्नागिरीचे, २२ वर्षं कुवेतला होते, ते म्हणायचे 'आपला अकामा कफीलच्या हातात, आपण राजकारणात तोंड उघडायचं नाही.' अकामा म्हणजे राहायचा परवाना, कफील म्हणजे तिथे ठेवून घेणारा मालक. पण त्यांनीच मला सांगितलं की कुवेतचं वेगळं आहे, तिथे १९६३ पासून संसद होती, ५० निवडून आलेले खासदार मंत्र्यांना फाडून खायचे, आणि संध्याकाळी घराघरांतल्या दिवानियांत, म्हणजे बैठकीच्या खोलीत, चहा पीत उघड राजकीय चर्चा चालायच्या. २००५ मध्ये बायकांनाही मताधिकार मिळाला. मे २०२४ ला अमीरांनी ती संसद बरखास्त करून चार वर्षांपर्यंत बंद ठेवायचं जाहीर केलं. आपल्याकडे कोकणात, गोव्यात इतकी घरं कुवेतच्या पैशावर उभी आहेत आणि ही बातमी किती जणांना कळली?

सीरियाबद्दल आशा ठेवावी का?

ठेवावी, डोळे उघडे ठेवून. मार्च २०११ ला दरआ गावात शाळकरी पोरांनी भिंतीवर घोषणा लिहिल्या, त्यांना पकडून छळलं आणि तिथून पेटलं. ८ डिसेंबर २०२४ ला राष्ट्राध्यक्ष असद मॉस्कोला पळाला, सैदनाया तुरुंगाची दारं उघडली, लोक आत आपल्या हरवलेल्या माणसांचा माग शोधत होते. तो दिवस मी विसरणार नाही.

आता अहमद अश्-शरा सत्तेवर आहेत, पूर्वी अल कायदाशी जोडलेले. हंगामी घटनेत पाच वर्षांचा संक्रमणकाळ आहे, ऑक्टोबर २०२५ मध्ये संसदेसाठी मतदान झालं पण सामान्य लोकांनी मत दिलंच नाही, निवडक मतदारमंडळांनी दिलं, आणि एक तृतीयांश सदस्य नेमायचा अधिकार शरा यांनी स्वतःकडे ठेवला. मार्च २०२५ ला किनारपट्टीवर अलावी आणि जुलैत सुवैदाला द्रूझ या अल्पसंख्य पंथांच्या लोकांच्या कत्तली झाल्या. हे बघून जीव घाबरतो. तरी सीरियात २०११ नंतर गावोगावी स्थानिक कौन्सिलं लोकांनी स्वतः चालवली होती, रुग्णालयं, कचरा, शाळा सगळं. ती कल्पना आधी कागदावर मांडणारा उमर अझीझ २०१३ मध्ये असदच्या तुरुंगात मेला. तो अनुभव असलेली माणसं अजून आहेत, आणि नव्या सरकारला जाब विचारतायत.

लोकांना अजून लोकशाही हवी आहे का, की कंटाळले?

अरब बॅरोमीटर नावाचं मोठं सर्वेक्षण दर काही वर्षांनी होतं. त्यात दोन्ही दिसतं. लोकशाहीत अर्थव्यवस्था ढिली पडते असं म्हणणारे वाढलेत, आणि तरीही बहुतेक देशांत बहुसंख्य लोक म्हणतात की दोष असले तरी हीच पद्धत सगळ्यात बरी. आणि रस्त्यावरही दिसतं. २०१९ मध्ये अल्जिरियात शुक्रवारमागून शुक्रवार मोर्चे निघून राष्ट्राध्यक्ष बुतेफ्लिका गेला, त्याच वर्षी इराक आणि लेबनॉन उठले, २०२५ च्या सप्टेंबरात मोरोक्कोची तरुण पोरं दवाखाने आणि शाळा मागत बाहेर आली. कंटाळलेले लोक असं करत नाहीत.

भारताची भूमिका काय?

बहुतेक वेळा गप्प राहून आपली माणसं सुखरूप आणायची. २०११ ला लिबियातून, २०१५ ला येमेनमधून, २०२३ ला सुदानमधून, आणि ते काम आपण खरंच चांगलं करतो. पण तिथल्या लोकशाहीवाद्यांसाठी एखादा शब्द फारसा निघत नाही. तेल आणि आखातातली लाखो माणसं, कारण कळतं. नागरिक म्हणून आपल्यावर मात्र तसं बंधन नाही.

सुदानमध्ये तर नुसतं युद्ध आहे, तिथे कसली लोकशाही?

सुदानी लोकांनी तीन वेळा लष्करशहा घालवलेत, १९६४, १९८५ आणि २०१९. अरब जगात असा दुसरा देश नाही. डिसेंबर २०१८ ला अत्बरा या रेल्वेच्या गावात पावाची किंमत तिप्पट झाली म्हणून लोक निघाले, घोषणा 'तस्कुत बस', म्हणजे पडा, बास, आणि एप्रिलमध्ये ३० वर्षं सत्तेवर असलेला लष्करशहा बशीर पडला. ३ जून २०१९ ला खार्टूमच्या धरण्यावर गोळीबार करून शंभरावर पोरं मारली, तरी लोक परत आले आणि लष्कराला नागरी सरकारशी वाटाघाट करावी लागली. ऑक्टोबर २०२१ ला बुरहान आणि हमीदती या दोन जनरलनी मिळून ते सरकार पाडलं, आणि एप्रिल २०२३ ला दोघे एकमेकांशीच लढायला लागले. आज लाखो लोक बेघर आहेत, ऑक्टोबर २०२५ ला हमीदतीच्या फौजेने अल-फाशिर शहर घेतल्यावर जे झालं ते लिहवत नाही.

आणि लोकशाहीवाली पोरं? मोर्चे काढायला मोहल्ल्यामोहल्ल्यात ज्या 'प्रतिकार समित्या' होत्या, त्यातल्याच कितीतरी जणांनी युद्ध सुरू झाल्यावर 'इमर्जन्सी रूम' काढल्या. कोणाकडे औषध आहे, कुठली विहीर चालू आहे, कुठल्या गल्लीतून बाई बाळंतपणाला नेता येईल, याची यादी ठेवायची. सामुदायिक स्वयंपाकघरं चालवायची, तिकडे त्यांना तकाया म्हणतात. मोठ्या पातेल्यात फूल म्हणजे बाकल्यासारख्या शेंगांचे दाणे नाहीतर डाळ शिजवून वाटायची. पैसे परदेशातले सुदानी मोबाइलवर पाठवतात. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकन मदत थांबली तेव्हा शेकडो स्वयंपाकघरं बंद पडली, त्यातली काही पुन्हा पेटलीत. त्यातल्या पोरांना दोन्ही सैन्यं पकडतात, मारतात, आणि तरी दुसऱ्या दिवशी कोणीतरी जाऊन चूल पेटवतं, आणि किती पातेली लागली, किती घरांना गेलं, याचा हिशोब ग्रुपवर सगळ्यांना दिसेल असा टाकतं.